बोरिवलीकर, तुमचा राग आणि आमचे पोहे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि सकाळी ते पुसून टाकलं. त्यात मी स्वतःला फारच शहाणी वाटत होते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की एखाद्या शहरावर दहशतवादी हल्ला झाला की सामान्य माणूस आधी आपली माणसं मोजतो, मोजणी भरली की पोहे खातो. मुंबईकर दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चढतो तेही त्याच जातीचं, त्याला उगाच ‘स्पिरिट’ म्हणू नये. त्यावर ‘एक बोरिवलीकर’ यांनी मला सुनावलं: इंदुरात सोफ्यावर बसून मुंबईवर लिहू नका, तुम्ही ते टीव्हीवर पाहिलंत. माणसं स्वार्थी असतात म्हणता, मग २००६ साली रुळांवर धावत जाऊन जखमींना उचलणारे कोण होते? आणि शेवटी, तुमचा काका त्या रात्री घरी आला नसता तर हा लेख असाच लिहिला असतात का?

आमच्याकडे तेव्हा सोफा नव्हता, दिवाण होता. पण मुद्दा कळला.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. काका तेव्हा दहिसरला राहायचा, ऑफिस चर्चगेटला, आणि पास फर्स्ट क्लासचा. पासाचं आईला माहीत होतं, आजीला नव्हतं. त्यामुळे टीव्हीवर ‘फर्स्ट क्लास’ शब्द आला की आई आवाज कमी करायची आणि आजी म्हणायची, “अगं, ऐकू येत नाहीये.” फोन लावला की ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’. फोनशेजारी रेक्झिनची डायरी असायची. मुंबईत आमची सात घरं. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्यापुढे आई पेन्सिलने बारीक खूण करत होती. दहा वाजेपर्यंत सहा खुणा झाल्या. सातवी झाली साडेअकराला. काकाची गाडी दादरच्या अलीकडे अडकून पडली होती. थोडा चालत, थोडा कुणाच्या टेम्पोत बसून तो घरी पोचला. आईने खूण केली, म्हणाली, “चला, आपले सगळे आले.” आणि तेवढ्यात पडद्याखालच्या पट्टीतला आकडा वाढला. आई एकदम गप्प झाली. पुढे तो आकडा १८९ वर गेला.

मी लेखात लिहिलं ते या गप्प होण्याबद्दल होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही हा माझ्या लिहिण्याचा दोष. पोह्यांचं वाक्य जरा चटपटीत करायच्या नादात मीच ते बिघडवलं.

आता रुळांवरचे लोक. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी सपशेल चुकले. रुळांच्या कडेच्या वस्त्यांतून लोक घरातल्या चादरी आणि साड्या घेऊन धावले, त्यांची झोळी करून जखमींना उचललं. त्यातल्या कुणी आधी आपली माणसं मोजली असतील असं वाटत नाही. समोर माणूस पडलेला असला की हात पुढे होतो. मोजत बसतो तो लांबचा. माझा लेख लांबच्या माणसाबद्दल होता आणि मी तो सरसकट सगळ्यांना लावला.

पण ‘स्पिरिट’वर मी ठाम आहे. काका १२ तारखेला ऑफिसला गेला. रजा टाकली असती तर पगार कापला जाणार नव्हता, साहेब काही बोलणारही नव्हता. मी पुढे कधीतरी विचारलं, का गेलास? म्हणाला, “घरी बसलो असतो तर तेच डोळ्यांसमोर येत राहिलं असतं.” नेमकं काय, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. याला धैर्य म्हणायचं की नाइलाज, मला ठरवता येत नाही. कौतुक करणाऱ्यांना मात्र ते पटकन ठरवता येतं, आणि एकदा कौतुक केलं की सुरक्षेबद्दल कुणी काही विचारत नाही. माझा राग त्याच्यावर आहे, काकावर नाही.

‘मुंबईचं दुःख मुंबईकरांनाच कळतं’ हा तुमच्या बोलण्यातला सूरही मला मान्य नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत, बोचकी उशाला घेऊन बसलेल्या लोकांवरही. त्या हल्ल्याच्या १६६ बळींमध्ये पन्नासहून अधिक त्या स्टेशनातले. त्यातल्या कितीतरी जणांचं घर मुंबईत नव्हतंच, ते घरी निघाले होते. कॅमेरे मात्र ताजसमोर होते. हे मी सोफ्यावरूनच पाहिलं (२००८ साली आला होता).

टीव्हीचा टोमणा तर मी तुमच्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतला आहे. आपण जे थेट प्रक्षेपण डोळे फाडून बघत होतो, तेच सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही बघत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. ताशेरे वाहिन्यांवर होते. पण वाहिनी चालू ठेवून बसलेले आपणच की.

२७ नोव्हेंबरला मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान होतं. बाबांबरोबर मी रांगेत उभी होते. पुढे-मागे सगळे मुंबईबद्दलच बोलत होते. आमच्या पुढे सियागंजातले एक बोहरी दुकानदार होते, बाबांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. ते वळून म्हणाले, “बहुत बुरा हुआ, भाईसाहब.” दोन पावलं रांग सरकली, त्यांनी परत तेच म्हटलं. मग तिसऱ्यांदा. बाकी रांगेत कुणालाच ते इतक्या वेळा म्हणावं लागलं नाही. त्याच वर्षी जुलैत इंदूरने दंगल आणि कर्फ्यू पाहिला होता, त्याची आठवण ताजी होती. पुढे मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मेलेल्या नऊ अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिल्याची बातमी आली, तेव्हा मला ते तीन वेळा म्हटलेलं वाक्य आठवलं. बाबा त्या दिवशी त्यांना “चलिये, पोहे खाते हैं” एवढंच म्हणाले. बोटाची शाई पुरती वाळली नव्हती. ठेल्यावरच्या छोट्या टीव्हीवर ताजच्या घुमटातून धूर निघत होता, आणि टीव्हीवरची नजर न काढता कुणीतरी हात पुढे करून शेव मागितली. लेखातले पोहे हे होते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, काका आला नसता तर असा लेख लिहिला नसता. बहुधा काहीच लिहिलं नसतं. ज्यांच्या घरी सातवी खूण झाली नाही, त्यांच्यातलं कुणी इथे वाचत असेल हे लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही त्यांच्यापैकी आहात का, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून कळत नाही आणि मी विचारणार नाही.

लेखात दोन बदल केले आहेत. ‘सामान्य माणूस’ होतं तिथे ‘लांबून बघणारा माणूस’ केलं आहे. आणि स्फोटांनंतर तासाभरात लोकल सुरू झाल्या असं मी लिहिलं होतं, त्याला बरेच तास लागले, हे तुम्ही दाखवलंत. दुरुस्त केलं.