वाचकाच्या नादी लागू नका

पत्रक असो, सूचना असो, फलक असो की भाषण, लिहायला बसलात की आधी एक गोष्ट पक्की करा : हे नेमकं कोणासाठी? उत्तर सोपं आहे. जो मंजूर करणार त्याच्यासाठी. वाचणाऱ्याचं काय, तो आज आहे, उद्या नाही. आणि असला तरी त्याच्या सहीने तुमचं बिल निघत नाही. साहेबांच्या सहीने निघतं.

समजा, द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगाबद्दल पत्रक लिहायचंय. वाचक नावाचा माणूस नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला कुठेतरी सकाळी सहाला बागेत उभा आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना होत आला, घड बाहेर पडलेत आणि रात्री नको तेव्हा पाऊस भुरभुरलाय. पानावर पिवळट तेलकट डाग दिसतोय; पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून तयार आहे. त्याला एवढंच हवंय : काय मारू, टाकीला किती टाकू, आत्ता मारू की पान सुकल्यावर. हात ओले, चष्मा घरी राहिलेला.

या माणसाला डोक्यातून काढून टाका. तो डोक्यात राहिला की वाक्यं आखूड होतात, आणि आखूड वाक्य साहेबांना उद्धट वाटतं. सुरुवात अशी करा : ‘सद्यःस्थितीतील हवामानविषयक अनिश्चिततेच्या पार्श्वभूमीवर, द्राक्षवेलींवरील बुरशीजन्य रोगांच्या संभाव्य प्रादुर्भावाच्या अनुषंगाने, उत्पादकांनी एकात्मिक रोग व्यवस्थापनाचा यथोचित अवलंब करणे अगत्याचे आहे.’ परत एकदा वाचून बघा. काय करायचं ते कुठेच नाही, पण काही सांगायचं राहिलं असंही कोणाला म्हणता येणार नाही. चौकशी लागली तर हेच वाक्य तुम्हाला वाचवेल.

त्यानंतर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत द्राक्षाचं स्थान, दोन परिच्छेद. (बागाईतदाराला ते माहीत नसतं अशी आपली एक समजूत आहे. ती सोडू नका.) मग बुरशीचं शास्त्रीय नाव, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, तिरप्या टायपात. औषधाचं प्रमाण हेक्टरी द्या. तो एकरात विचार करतो आणि लिटरात कालवतो; हिशेब जुळेपर्यंत पुढचा पाऊस येऊन जातो. आणि ज्या एका आकड्यासाठी त्याचा जीव टांगणीला असतो, म्हणजे तोडणीआधी किती दिवस ही फवारणी बंद ठेवायची, तो शेवटच्या पानावर, तक्त्याच्या खाली, तारांकित टीपेत. २०१० साली औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हापासून निर्यातवाले आधी तोच आकडा शोधतात. शोधू द्या. तेवढीच वाचनाची सवय लागते.

मुखपृष्ठावर फोटो द्राक्षाचा नको, मान्यवरांचा.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कृषी सेवा केंद्रात काउंटरमागे एक इसम बसलेला असतो. बागाईतदार त्याच्यापुढे पान टाकतो. तो पान उलटतो, ‘भाऊ, डावणी हाये,’ म्हणतो, कानावरचं पेन काढतो आणि तुमच्याच पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहितो : ‘२०० लिटरला ४०० ग्रॅम. पान सुकलं की लगेच. खालच्या बाजूने भिजलं पाहिजे.’ ना प्रस्तावना, ना समारोप, वर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका. आणि लोक ते खिशात जपून ठेवतात! तो स्वतःकडचाच माल खपवतो हे खरं, पण लिहिण्याच्या बाबतीत माणूस भलताच वाया गेलेला आहे.

पाण्याची सूचना लिहिणं त्यामानाने सोपं. नाशिकच्या सिडकोतल्या बाईंना विचारायचं असतं की शनिवारी पिंप भरून ठेवू की नको. तुम्ही जलवाहिनीचा व्यास लिहा, मिलीमीटरमध्ये.

सिंहस्थाच्या फलकांना थोडा जास्त विचार लागतो, कारण २०२७ जवळ आलंय आणि कामं भरपूर निघणार आहेत. रामकुंडाकडे जाणारी म्हातारी उत्तर प्रदेशातली, डोक्यावर गाठोडं, अक्षरओळख बेताची. तिला लागतो एक मोठा बाण. फार तर पाण्याचं आणि संडासाचं चित्र. तुम्ही लिहा : ‘भाविकांनी विहित मार्गाचा अवलंब करून प्रशासनास सहकार्य करावे.’ २००३ च्या सिंहस्थात इथल्याच अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाण एवढा मोठा काढला तर मंडळाच्या उपाध्यक्षांचा फोटो कुठे बसवायचा?

भाषणाचं निमंत्रण आलं तर काही बदलू नका. मे महिन्यातली संध्याकाळ, गोदाघाट, वसंत व्याख्यानमाला. समोर निवृत्त शिक्षक, सराफ बाजारातून दुकान बंद करून आलेला माणूस, शेंगदाणे खाणारी दोन पोरं. तुम्ही खिशातून प्रबंध काढा. मान खाली, वाचन सुरू. मंडळी चुळबुळायला लागली की ‘आपले तात्यासाहेब’ म्हणा; कुसुमाग्रजांच्या गावात त्या शब्दाला टाळी ठरलेली. २७ फेब्रुवारीला दोनदा म्हटलंत तरी चालतं. मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत वाक्य पोचलं पाहिजे ही त्यांच्यासारख्या नाटककारांची जी खोड, ती उचलू नका. पुढच्या रांगेत खुर्चीवर हार घालून बसलेत, त्यांच्यापर्यंत पोचलं की पुरे. तेही ऐकत नसतात, पण पुढच्या वर्षी वक्ते तेच ठरवतात.

आता इतकं सगळं करूनही एखादा चक्रम उठतो आणि म्हणतो, ‘पत्रक काही कळलं नाही बुवा.’ घाबरू नका, ही लॉटरी आहे. लगेच टिपण पाठवा की लाभार्थ्यांच्या आकलनक्षमतेत त्रुटी आढळून आल्या असून पत्रकाचा अर्थ उलगडणारी मार्गदर्शक पुस्तिका काढणे निकडीचे आहे. ती मंजूर होते. तिचं प्रकाशन होतं, नारळ फुटतो, शाली पडतात. ती लिहायला माणूस तुमच्याइतका अनुभवी दुसरा कोण मिळणार? मानधनाचं तेवढं आधी बोलून घ्या.