स्पेनच्या चिल्लर-नोटांवरचा आळ

स्पेनच्या यादवी युद्धात (1936-39) म्हणे अराजकवाद्यांनी, म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्यांनी, गावोगावी पोत्यानं नोटा छापल्या, त्यामुळे महागाई भडकली आणि पेसेटा (तिथलं तेव्हाचं चलन) बुडाला. हा दावा पुढे ढकलणाऱ्यांनी त्यातली एखादी नोट तरी पाहायची होती. आकडा असायचा 25 सेंतिमो, 50 सेंतिमो, बहुधा फार तर 1 पेसेटा. शंभर सेंतिमोंचा एक पेसेटा. अशा नोटा छापून कोण गब्बर होणार?

खरी अडचण सुट्ट्या पैशांची होती. युद्धाआधी बँक ऑफ स्पेनची सर्वांत लहान नोट 25 पेसेटांची. तेवढं कमवायला शेतमजुराला काही दिवस राबावं लागे. त्याखालचा व्यवहार नाण्यांवर, आणि 1 ते 5 पेसेटांची नाणी चांदीची. जुलै 1936 मध्ये लष्करानं प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं आणि लोकांनी चांदी दडवली. सरकारनं 5 आणि 10 पेसेटांची कागदी प्रमाणपत्रं काढली, पण पाव घ्यायला तीही मोठीच. दुकानदाराकडे मोड नाही, गिऱ्हाइकाकडेही नाही. मग नगरपालिकांनीच नोटा काढल्या, त्याही बहुतेक आपल्या हद्दीपुरत्या.

त्या काढणाऱ्यांत सहकारी संस्था आणि कामगार संघटनाही होत्या, हे खरं. पण एकट्या कातालुन्या प्रांतात शेकडो नगरपालिका होत्या. त्या सगळ्या अराजकवाद्यांच्या नव्हेत. उलट शेजारच्या अरागॉन प्रांतातल्या काही अराजकवादी गावांना पैसाच नकोसा होता. तिथे पेसेटा मोडीत काढून कुपनं चालवली.

आता महागाई. अनेक ठिकाणी जेवढ्या स्थानिक नोटा, तेवढ्या बँकेच्या नोटा तारण म्हणून बाजूला ठेवलेल्या असत. सगळीकडे ही शिस्त पाळली गेली असं नाही. पण भाव चढले ते सरकार बँक ऑफ स्पेनकडून उचल घेऊन युद्ध चालवत होतं म्हणून, आणि धान्याचे मोठे प्रांत बंडखोर सेनापती फ्रँकोकडे गेले म्हणून. सेंतिमोच्या कपट्यांवर हे खापर फोडणं हास्यास्पद आहे.

सरकारनं या नोटांना मोकळं रान दिलं, हेही चूक. जानेवारी 1938 मध्ये त्या मागे घेण्याचा हुकूम निघाला. चिल्लर तरीही पुरेना, तेव्हा सरकारनं गोल पुठ्ठ्यांवर टपाल तिकिटं चिकटवून तीच नाणी म्हणून चालवली.

आणि पेसेटा बुडाला म्हणजे कोणता? फ्रँकोच्या बाजूनं 18 जुलै 1936 नंतरच्या प्रजासत्ताक सरकारच्या नोटा मानायला नोव्हेंबर 1936 मध्येच नकार दिला होता. फ्रँकोचं सैन्य आलं की अशा नोटा बाळगणाऱ्याचं नुकसान ठरलेलं, मग ती नोट माद्रिदची असो की गावची.