पडून राहिल्याने झोप येत नाही, उडते

कॅन्सरमधून बरं झालेल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतो आहे: शरीर थकलंय, म्हणून रात्री नऊलाच आडवं व्हा, डोळे मिटून पडून राहा, राहिलेली झोप दुपारी काढा. नाहीच आली तर गोळी घ्या, कारण झोप झाली नाही तर आजार उलटतो.

आधी ‘नऊलाच आडवं व्हा’ बघू. केमोबरोबर देतात ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, वेदना, हार्मोनच्या गोळ्यांमुळे अंगातून निघणाऱ्या वाफा यांनी झोप मोडते, हे खरं. पण कारण सरल्यावरही ती मोडलेलीच राहते, ती बहुधा अंथरुणातल्या जादा तासांमुळे. ९ ते ७ असे दहा तास पडून सहाच तास झोप लागली, तर अंथरुणातल्या वेळेत झोपेचं प्रमाण ६० टक्के.

सीबीटी-आय हा निद्रानाशावरचा वर्तनोपचार याच्या उलट जातो. आधी दोन आठवडे झोपेची वही ठेवायची: कधी पडलो, कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलो. सगळं सकाळी अंदाजाने लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही. सरासरी सहा तास आली तर अंथरुणातही सहाच तास, समजा १२ ते ६. साडेपाच तासांखाली उतरायचं नाही. आठवड्याचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं की १५ मिनिटं आधी पडायचं. सुरुवातीचे दिवस जड जातात आणि अनेक जण तेव्हाच सोडतात, किंवा रविवारी उशिरा उठून आठवड्याची कमाई घालवतात.

डोळे मिटून पडून राहिल्याने मेंदू ‘अंथरूण म्हणजे जागरण’ हे शिकतो. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. एकच खोली असेल तर खुर्चीही पुरते.

दुपारची झोप रात्रीच्या झोपेची भूक मारते. थकवा असह्य असेल तर तीनच्या आत, गजर लावून, अर्धा तास.

गोळीला थोड्या दिवसांपुरती जागा आहे. पण जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी-आय, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. चालू गोळी मात्र एकदम थांबवू नका, झोप आणखी बिघडते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.

झोप मोडल्याने कॅन्सर उलटतो, हे सिद्ध झालेलं नाही. ‘आजार उलटतो’ हे वाक्य वाचून मात्र माणसं रात्रभर जागी राहतात. कृपया ते पुढे पाठवू नका.

आकडी येत असेल, कॅन्सर हाडांत पसरल्याने पडण्याचा धोका असेल, बायपोलर आजार असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर अंथरुणातले तास स्वतःहून कमी करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.