गोटीचं मत म्हणजे पोरखेळ नव्हे

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या देशाबद्दल सध्या एक मजकूर फिरतोय: "गांबियात खासदारसुद्धा गोट्या टाकून निवडतात. अडाण्यांचा देश! मूठभर गोट्या टाकल्या तरी बघतंय कोण? मोजणीचा पत्ता नाही आणि जिंकणार सत्ताधारीच."

मूठभर गोट्या मिळतच नाहीत. यादीत नाव तपासून, बोट शाईत बुडवून मतदाराला एकच गोटी देतात. आडोशामागे उमेदवारांची पत्र्याची पिंपं असतात, प्रत्येकावर रंग, चिन्ह आणि फोटो. नळीतून गोटी सोडली की आतल्या घंटीवर आपटून टण्ण वाजते. बाहेरच्या अधिकाऱ्याला दुसरी टण्ण ऐकू आली की लबाडी उघडी पडली. त्या आवाजात दुसरा खडखडाट मिसळू नये म्हणून तळाशी वाळू किंवा भुसा घालतात. सायकलच्या घंटीने घोटाळा होऊ नये म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकलींनाही मज्जाव! मला तर या सगळ्याचं फार कौतुक वाटतं.

मोजणी केंद्रावरच होते, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. २०० किंवा ५०० खळग्यांच्या पाटीत गोट्या बसवतात. पाटी भरली की आकडा सगळ्यांना दिसतो. २०१६ च्या अध्यक्षीय निकालात चूक झाली होती, हे खरं. पण ती निवडणूक आयोगाच्या बेरजेतली. दुरुस्तीनंतर विरोधी उमेदवार अदामा बॅरो यांची आघाडी सुमारे ५१ हजारांवरून १९ हजारांवर आली, विजय कायम राहिला.

'अडाणी' या शब्दाचा मात्र मला राग येतो. १९५१-५२ मध्ये आपल्याकडे काय होतं? प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. आपल्या आजी-आजोबांनी असंच मत दिलं. अक्षरओळख नसलेल्यालाही कुणाला न विचारता मत देता यावं, हाच दोन्हीकडचा हेतू.

आणि सत्ताधारीच जिंकतो? याह्या जामेह १९९४ च्या लष्करी उठावापासून सत्तेवर होते. २०१६ मध्ये ते याच गोट्यांनी हरले. आधी हार मानली, मग शब्द फिरवला. शेवटी पश्चिम आफ्रिकेतल्या इतर देशांचं सैन्य सीमेत आल्यावर जानेवारी २०१७ मध्ये देश सोडून गेले.

संसदेचंही तेच. ९ एप्रिल २०२२ ला ५३ जागांसाठी मतदान झालं. अध्यक्ष बॅरो यांच्या पक्षाला १८ जागा, प्रमुख विरोधी पक्षाला १५, अपक्षांना १२. अध्यक्षांनी नेमलेले पाच सदस्य धरले तरी ५८ च्या सभागृहात त्यांचे २३ च होतात. बहुमताला ३० लागतात.