सोया सॉसमध्ये बुडवला म्हणून मासा टिकत नाही!

काल मावशीने बांगड्याचे तुकडे तेरियाकीसाठी (गोडसर सॉस लावून भाजायच्या जपानी पदार्थासाठी) सोया सॉसमध्ये बुडवले आणि रात्रभर ओट्यावर ठेवले. सकाळी मी झाकण काढलं तर आल्याचा छान वास येत होता, पण भांडं हाताला कोमट लागलं. तिला एक मेसेज आला होता, तोच जो सध्या सगळीकडे फिरतोय: सोया सॉसच्या मिठाने जंतू मरतात, फ्रिजची गरज नाही, काही बिघडलंच तर शिजवल्यावर निघून जातं, सॉस सुरुवातीलाच ओता, आणि अजिनोमोटो विष आहे, त्याऐवजी सोया सॉस वापरा.

मिठाचं आधी. सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्के मीठ असतं, हे खरं. पण तेरियाकीत त्याच्या जोडीला तेवढंच मिरिन (तांदळाची गोड जपानी दारू) आणि तेवढीच साके (तांदळाची साधी जपानी दारू) घातली, की उरतं पाचेक टक्के. तेवढ्यावर मासा बाहेर टिकत नाही. मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट, घट्ट पेस्टमध्ये) मुरवून मासा टिकवायची पद्धत जपानात जुनी आहे, मान्य. पण मिसो म्हणजे हा पातळ सॉस नव्हे.

‘शिजवल्यावर निघून जातं’ हे तर सरळ खोटं आहे, आणि राग आहे तो याचाच. बांगडा, टूना या माशांत हिस्टिडिन हा प्रथिनांतला घटक भरपूर असतो. मासा कोमट राहिला की जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. मग खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. जिवाणू आचेवर मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) हे स्पष्ट लिहिलंय: शिजवून, गोठवून, डबाबंद करूनही ते जात नाही. म्हणूनच हे मासे ४.४ अंश सेल्सिअसच्या आत ठेवायला ते सांगतात. वासावरून कळेलच असंही नाही. मावशीच्या भांड्याला तर सुंदर वास होता. फ्रिजमध्ये अर्धा तास मुरवला तरी चव पुरेशी लागते.

सॉस आधी ओतला तर साखर जळते आणि मासा आत कच्चाच राहतो. ‘तेरि’ म्हणजे चकाकी. मासा टिपून कोरडा करा, आधी भाजून घ्या, सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांत.

अजिनोमोटोतलं चव देणारं ग्लुटामेट १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळं केलं. सोया सॉसमध्ये ते मुळातच असतं. मग एक विष आणि दुसरं चालेल, हे कसं? रक्तदाब असेल तर मात्र सोया सॉस बेतानेच घ्या, एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

तो बांगडा मी टाकून दिला. मावशी अजून रुसलेली आहे. रुसू दे.