स्पेनमध्ये तत्त्वज्ञ झालेच नाहीत म्हणे

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की स्पेनने चित्रकार दिले, कादंबरी दिली, फुटबॉल दिला, पण विचारवंत एकही नाही. ओर्तेगा नावाचा एक होता, तो म्हणाला माणूस परिस्थितीचा गुलाम, आणि वर सामान्य माणसाला तुच्छ समजणारा फॅसिस्ट. उनामुनो विज्ञानाचा शत्रू, एक भाषण तेवढं भारी ठोकलं. मग हुकूमशहा फ्रँको आला आणि दुकान बंद. शेवटची ओळ अशी की आज स्पेनच्या लोकांनाही आपला एखादा फिलॉसॉफर आठवणार नाही. मी काही प्राध्यापक वगैरे नाही, स्पॅनिश शिकता शिकता ह्या मंडळींच्या नादी लागलो एवढंच, पण हे वाचून गप्प बसवेना.

पहिला मुद्दा, "एकही नाही". ज्या काकांनी हे पाठवलं त्यांनीच आमच्या ग्रुपवर मागे एक सुविचार टाकला होता, जे भूतकाळ विसरतात त्यांच्या नशिबी तो पुन्हा येतो, आणि खाली चर्चिलचा फोटो. अहो काका, ते वाक्य जॉर्ज सांतायानाचं आहे, १९०५ सालचं. हा माणूस १८६३ मध्ये माद्रिदला जन्मला, अमेरिकेत वाढला, हार्वर्डला शिकवलं, लिहिलं सगळं इंग्रजीत, पण स्पॅनिश नागरिकत्व मरेपर्यंत सोडलं नाही. त्याला स्पॅनिश तत्त्वज्ञ म्हणायचं का ह्यावर वाद होऊ शकतो, मी स्वतः अर्धाच धरतो. पण शून्य नक्की नाही ना.

आणि मुळात लोक शोधतात कुठे? जर्मन तत्त्वज्ञ कान्टसारखे जाडजूड ठोकळे कुठेत, असं विचारतात. तसे ग्रंथ कमी आहेत, मान्य. स्पेनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विचार चालायचा तो पेपरात, मासिकात, कादंबरीत, व्याख्यानात. ओर्तेगाचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, जनसमूहांच्या बंडावरचं, ते आधी १९२९ पासून 'एल सोल' नावाच्या दैनिकात तुकड्या-तुकड्याने आलं आणि १९३० ला पुस्तक झालं. म्हणजे सकाळी कॉफीबरोबर लोक हे वाचत होते.

आता ते परिस्थितीचं वाक्य. ह्याच्यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण हे अर्धवट वाक्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की विचारू नका. होसे ओर्तेगा ई गासेतने १९१४ मध्ये, एकतीस वर्षांचा असताना, एका पुस्तकात लिहिलं: मी म्हणजे मी आणि माझी परिस्थिती. इथे लोक थांबतात. पुढे स्वल्पविराम आहे हो! आणि तिला मी वाचवलं नाही तर मीही वाचत नाही, असं ते वाक्य पूर्ण होतं. म्हणजे गुलामीचा अर्थ निघतो त्याच्या बरोब्बर उलटा. परिस्थिती तुझं काय करते हे तो सांगत नाहीये, तुला परिस्थितीचं काय करायचंय ते सांगतोय. आपल्याकडे "काय करणार, परिस्थितीच तशी होती" असं म्हणून हात झटकतात ना, तसले हात झटकायला तो जागाच ठेवत नाही.

गंमत बघा, मराठीत हा शब्द जितका चपखल बसतो तितका इंग्रजीतही बसत नसेल. त्याचा स्पॅनिश शब्द लॅटिनमधून आलाय, भोवती उभं असलेलं असा त्याचा अर्थ. आणि आपला? परि म्हणजे भोवती, स्थिती म्हणजे उभं असणं. शब्दाला शब्द! फक्त आपण बोलताना तो अडचण ह्या अर्थी वापरतो, परिस्थिती बेताची, परिस्थिती बिकट. ओर्तेगाला ते नकोय. त्याची परिस्थिती म्हणजे समोरचा डोंगर, गावची भाषा, देशाचा मोडका इतिहास, हाताशी असलेलं सगळं. त्याच पुस्तकात तो म्हणतो की विश्वाकडे जायची माझी वाट ग्वादारामाच्या खिंडींतून निघते, म्हणजे माद्रिदच्या उत्तरेचे ते डोंगर. हा माणूस जर्मनीत मारबुर्गला कान्टवाल्यांकडे शिकून आलेला, विश्वाबद्दल सरळ हवेतून बोलू शकला असता, पण म्हणाला की मला घराजवळच्या खिंडीतूनच जावं लागेल.

मग फॅसिस्टचं काय? त्याच्या जनसमूहांच्या बंडावरच्या पुस्तकातला 'समूहातला माणूस' म्हणजे गरीब किंवा अडाणी माणूस असं धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. तो स्वच्छ सांगतो की हा वर्गाचा प्रश्न नाही, असा माणूस प्रत्येक वर्गात सापडतो. स्वतःकडून काही मागायचंच नाही, हक्क तेवढे हवेत, आणि मला सगळं कळतं ही खात्री, ही त्याची खूण. उदाहरण म्हणून तो शेतमजूर घेत नाही, स्पेशालिस्ट शास्त्रज्ञ घेतो, ज्याला आपल्या एका कोपऱ्यातलं सगळं ठाऊक आणि बाकी जगाबद्दलही त्याच तोऱ्यात मतं देतो (आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर नजर टाका). त्याच पुस्तकात फॅसिझम आणि बोल्शेविझम (रशियातला साम्यवाद) दोघांवर टीका आहे, कारणं द्यायची नाहीत, आपलं बरोबर असण्याचीही पर्वा नाही, फक्त मत लादायचं, असा माणूस इथे पहिल्यांदा दिसतोय असं तो लिहितो. १९३१ ला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर तो त्याच्या बाजूने संसदेतही गेला होता.

पण त्याला देवळातही बसवू नका. फालांखे ह्या स्पॅनिश फॅसिस्ट पक्षाचा संस्थापक होसे आंतोनियो त्याला मानायचा, त्याच्या काही कल्पना त्या लोकांनी उचलल्या, आणि १९३६ ला लष्कराने प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करून यादवी युद्ध पेटल्यावर ओर्तेगा देश सोडून गेला आणि जवळपास गप्प राहिला. ती चुप्पी मला अजूनही खटकते. फॅसिस्ट मात्र नाही.

उनामुनो आणि विज्ञान. त्यांना विज्ञानाचा शत्रू म्हणतात ते ज्यावरून, ते "शोध लावू देत त्यांना" हे वाक्य त्यांचंच. १९०६ च्या एका संवादात एक पात्र म्हणतं की लावू देत त्यांना शोध, आपण वापरू, विजेचा दिवा जिथे शोधला तिथे जसा उजेड देतो तसाच इथेही देतो. हे चिडवणं होतं, आणि चिडवायचं होतं ते ऊठसूट युरोपकडे बघा म्हणणाऱ्यांना. पुढे १९०९ ला त्यांनी लिहिलं की बुद्धिवादी तत्त्वज्ञ देकार्त आणि स्पेनचा गूढवादी कवी-संत क्रुसाचा योहान ह्यातून एकच निवडायचा तर मी योहान घेईन, तेव्हा तरुण ओर्तेगा पेपरात त्यांच्यावर असा तुटून पडला की बस. मला ह्यात ओर्तेगाची बाजू जास्त पटते, उनामुनोंना वाक्य फेकायचा मोह आवरायचा नाही. पण अडाणीपणाचा आरोप? ग्रीकचा प्राध्यापक, सालामांका विद्यापीठाचा कुलगुरू, डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द वाचायचा म्हणून डॅनिश शिकलेला माणूस! त्यांचं दुखणं वेगळं होतं: मला मरायचं नाहीये, बुद्धी सांगते मरशील, मन ऐकत नाही, आणि हे भांडण मिटत नाही. हाडामांसाचा, मरणारा माणूस सोडून तत्त्वज्ञान कसलं, हा त्यांचा सवाल.

आता ते भारी भाषण. १२ ऑक्टोबर १९३६, सालामांका, समोर फ्रँकोच्या बाजूचा जनरल मियान आस्त्राय, "जिंकाल, पण मनं जिंकणार नाही". मूळ स्पॅनिशमध्ये जिंकणं आणि पटवणं ह्या दोन क्रियापदांची कोटी आहे, ती मराठीत जमेल तशी केलीय. इथे फॉरवर्ड कौतुक करतोय आणि तरी मला खोडायचंय, माफ करा. जो लांबलचक मजकूर फिरतो तो शब्दशः त्यांचा नाही. तो लुईस पोर्तियोने १९४१ मध्ये लंडनच्या 'होरायझन' मासिकात रंगवून लिहिला, तो स्वतः त्या सभेला नव्हता, मग १९६१ ला ह्यू थॉमसच्या स्पॅनिश यादवी युद्धाच्या इतिहासात तो गेला आणि तिथून जगभर. सालामांकाच्याच एका ग्रंथपालाने, सेवेरियानो देल्गादोने, २०१८ ला हे उलगडून दाखवलं. म्हणजे काही घडलंच नाही असंही नाही, उनामुनोंनी एका पत्राच्या पाठीवर खरडलेल्या नोंदींत जिंकणं आणि पटवणं हे शब्द आहेतच, बोलले तेही नक्की. आणि फॉरवर्ड जे गाळतो ते म्हणजे सुरुवातीला त्यांनी त्या लष्करी बंडाला पाठिंबा दिला होता, म्हणून प्रजासत्ताकाने त्यांना कुलगुरूपदावरून काढलं, बंडवाल्यांनी परत बसवलं, आणि ह्या सभेनंतर त्याच बंडवाल्यांनी पुन्हा काढलं. एकाच वर्षात दोन्हीकडून हकालपट्टी. ३१ डिसेंबरला घरातच गेले. ह्या घोळासकट ते मला त्या सिनेमास्टाईल भाषणापेक्षा जास्त खरे वाटतात.

राहिलं फ्रँको आणि दुकान बंद. बंद नाही झालं, हललं. मेक्सिकोने कितीतरी जणांना जागा दिली. होसे गाओस हा तत्त्वज्ञ तिथे गेला आणि त्याने जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा मुख्य ग्रंथ १९५१ मध्ये स्पॅनिशमध्ये आणला, इंग्रजीत पूर्ण यायला १९६२ उजाडलं. देशात राहिलेला तत्त्वज्ञ थुबिरी १९४२ ला विद्यापीठ सोडून खाजगी वर्ग घेत राहिला. आणि आजचं म्हणाल तर बालेन्सियाच्या तत्त्वज्ञ आदेला कोर्तिनाबाई आहेत. परका माणूस पैसेवाला असला की टुरिस्ट म्हणून पायघड्या, गरीब असला की नकोसा, म्हणजे तिटकारा परकेपणाचा नसून गरिबीचा आहे असं त्या म्हणाल्या, त्यासाठी 'आपोरोफोबिया' हा शब्द घडवला, आणि २०१७ मध्ये तो स्पॅनिश अकादमीच्या कोशात गेला.

आणि "लोकांना आठवणार नाही" ह्याचं उत्तर मारिया थांब्रानो. ओर्तेगाची विद्यार्थिनी, पण गुरूची बुद्धी कवितेला परकी वाटते म्हणून 'काव्यात्म बुद्धी' अशी आपली वेगळी वाट काढणारी. १९३९ ला देश सोडला, मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, रोम, फ्रान्सच्या सीमेवरचं खेडं, असं करत परत आली १९८४ ला, वय ऐंशी. १९८८ ला सेर्व्हान्तेस पुरस्कार, तो मिळालेली पहिली बाई. तिचं गाव मालागाजवळचं. माद्रिदहून फास्ट ट्रेनने मालागाला गेलात तर ज्या स्टेशनवर उतरता त्याचं नाव आहे मारिया थांब्रानो.