राखेचा अभिमान आणि वहिनीचे हात

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. यावल तालुक्यातलं आमचं गाव, केळीवाल्यांचं एकत्र कुटुंब, सणावाराला पंचवीस-तीस ताटं सहज होतात, आणि वहिनीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं, ते म्हणजे डिशवॉशर, भांडी धुवायचं मशीन. झालं, त्यावर चुलतभाऊ नानाने एक व्हिडिओ टाकला, की बघा परदेशी लोक आता भांडी घासायची राख पाकिटात विकत घेतात, आपल्या आज्यांना सगळं आधीच माहीत होतं, मशीन आणि त्याच्या साबणाच्या गोळ्या म्हणजे तापीमायचा सत्यानाश आणि बायकांना आळस. मग पुण्याची सून म्हणाली राख कशाला, ही हिरव्या पानाचं चित्र असलेली भांड्यांच्या साबणाची बाटली घ्या, प्लांट बेस्ड आहे, महाग आहे पण पृथ्वीसाठी एवढं करायलाच हवं. दोन गट पडले, राख की हिरवी बाटली. मी इथून, जर्मनीतल्या म्युनिकहून, मध्ये काहीतरी लिहिलं तर नानाचं उत्तर, "अठी पानी नाही अन् तू तठी बसून मशीनच्या गोष्टी सांगून राह्यली."

मला राग त्याचाच आला, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधीपासूनच येत होता.

राख, राख म्हणून छाती फुगवणाऱ्या एकाही पुरुषाने राखेने भांडी घासलेली मी पाहिलेली नाही. आमची मोठी माय घासायची, मी शेजारी बसून विसळायचे. मागच्या अंगणात पाण्याची टाकी, तिच्या बाजूला दगडी मोरी, चुलीतली चाळलेली राख पत्र्याच्या डब्यात, काथ्याचा चोथा, आणि तांब्या-पितळेला चिंच. भरताच्या वांग्याचं तेल लागलेली कढई राखेने खरंच निघायची, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो, तो तेलाला धरतो, आणि राखेचे बारीक कण घासतात. केळीच्या राखेत तर पोटॅश भरपूर असतं, आसामात त्याचाच खार काढून स्वयंपाकात वापरतात. म्हणजे मोठी माय काही अडाणीपणाने घासत नव्हती, मला तिचा अभिमान नानापेक्षा कमी नाही. पण हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यात राख जायची, रात्री ती खोबरेल तेल लावून, चिंधी बांधून झोपायची. ते कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

आणि आता राख आणणार कुठून? घरोघरी गॅस आला, चूल पेटते ती बंबात पाणी तापवायला नाहीतर लग्नातले मांडे भाजायला, आणि बंबात घरातला प्लास्टिकचा कचरासुद्धा जातो. ती राख ताटाला लावायची?

हिरव्या बाटलीवाल्यांचंही मला पटत नाही. पानाचं चित्र कोणीही छापू शकतं. इको-फ्रेंडली हा शब्द भारतात वर्षानुवर्षं मोकाट होता, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर नियमावली काढली की दावा कराल तर पुरावा द्या. इकोमार्क तर १९९१ पासून आहे, सरकारचं मातीच्या माठाचं चिन्ह, साबण-डिटर्जंटसाठी सुद्धा, पण मी गावी गेले की किराणा दुकानात पाकिटं उलटीसुलटी करून शोधते आणि मला ते सापडत नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, बघूया. इकडे मी डीएम ह्या दुकानात शिरले की पाकिटावर निळ्या देवदूताचं नाहीतर युरोपच्या फुलाचं पर्यावरण-चिन्ह बघते आणि पुढे जाते, मला बसून रसायनशास्त्र वाचावं लागत नाही. हा निळा देवदूत, ब्लाऊअर एंगल, १९७८ चा आहे. चिन्हामागे कोणीतरी तपासणी केलेली असते, कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, फरक एवढाच आणि तो खूप मोठा आहे.

आता कोणी म्हणेल हिला जर्मनीचं कौतुकच फार. हो, ह्या बाबतीत आहे. पण ही माणसं जन्मतः स्वच्छ नव्हती. १९५० च्या दशकात इथल्या नद्यांवर, कालव्यांवर फेसाचे डोंगर तरंगायचे, आज यमुनेवर दिसतात किंवा काही वर्षांपूर्वी बंगळुरूच्या बेलंदूर तळ्यावर दिसायचे तसेच. मग १९६१ मध्ये डिटर्जंटचा कायदा आला, की पाण्यात कुजेल असाच साबण विका. कपड्यांच्या पावडरीतलं फॉस्फेट १९८० च्या दशकात गेलं, डिशवॉशरच्या पावडरीतलं मात्र बरंच उशिरा, १ जानेवारी २०१७ पासून पूर्ण युरोपीय संघात एका धुण्यामागे फॉस्फरस ०.३ ग्रॅमच्या आत ठेवायचा नियम झाला. कंपन्या आधी ओरडल्या की भांडी निघणार नाहीत. निघतात. फॉस्फेटच्या जागी सायट्रेट आणि तसलेच कुजणारे क्षार आले, भाताची पेज आणि वरणाचे डाग काढायला एन्झाइम असतात, हळदीचा पिवळा रंग उडवायला परकार्बोनेट. फॉस्फेट वाईट का, तर ते शेवाळाचं खत आहे, आमच्या केळीवाल्याला हे मी काय सांगायचं, जे खत घडाला चालतं तेच साचलेल्या पाण्यात शेवाळाला चालतं, शेवाळ मरून कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

म्हणून नानाला माझा प्रश्न आहे की मोरीतलं पाणी पुढे कुठे जातं हे कधी बघितलंस का? गटारीतून नाल्यात, नाल्यातून तापीत, तापी पुढे उकाई धरणाला, आणि उकाईच्या खाली सुरत. सुरतेत उधना-लिंबायतला कोण राहतं? आपलीच माणसं, अर्ध्या गावाचे भाचे-जावई तिकडे लूमवर आहेत, त्यांच्या नळाला तापीचंच पाणी आहे. वहिनी राख वापरते की हिरवी बाटली की साबणाची साधी वडी, ह्याने जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक नाल्याच्या तोंडाशी सांडपाणी शुद्ध करायची सोय झाली तर पडेल. इथे म्युनिकला उन्हाळ्यात लोक इसारमध्ये पोहतात, पोरं किनाऱ्यावर ग्रिल लावतात, ते काही सगळे महाग साबण वापरतात म्हणून नाही, वरच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांत पोहण्याच्या मोसमात अतिनील किरणांनी पाणी जंतुमुक्त करून सोडतात म्हणून. गावात ह्यावर ग्रामसभेत कोणी बोलत नाही, पण वहिनीच्या मशीनवर सगळ्यांना मत आहे.

आणि ह्याच घरातली माणसं दर महिन्याला सायकलवाल्याकडून ॲसिडची बाटली घेतात, फरशी आणि संडास पांढरा करायला. ते ॲसिड सेप्टिक टँकात जाऊन तिथले मैला कुजवणारे जिवाणू मारतं, फरशीचे सांधे खातं, आणि कोणी त्यात ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, माणूस गुदमरतो. त्यावर तापीमाय कोणाला आठवत नाही.

खरी गंमत म्हणजे डिशवॉशरला जे लागतं ते खान्देशातल्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ड्रीपच्या नळ्या बोअरच्या पाण्याने पांढऱ्या क्षाराने तुंबतात, मग माझा भाऊ ॲसिड ट्रीटमेंट करतो, त्या नळ्यांची टोकं उघडून फ्लश करतो. म्युनिकचं पाणीही तसंच कडक आहे, किटलीत पांढरा थर बसतो. मशीनच्या तळाशी एक झाकण असतं, त्यात मी मोठ्या दाण्याचं मीठ ओतते, ओतताना आतलं पाणी बाहेर सांडतं, ते सांडलं पाहिजे. ते मीठ भांड्यांना लागत नाही, पाणी मऊ करणारी जी राळ आत असते तिला ते परत ताजं करतं. पॅनेलवर पाण्याचा कडकपणा सेट करायचा. हे केलं की पावडर कमी लागते, आणि माझ्या मते इको-फ्रेंडली म्हणजे आधी हे, कमी वापरणं. म्हणून मी थ्री-इन-वन गोळ्या आणत नाही, गोळी अर्ध्या भांड्यांना पण पूर्ण जाते, सुटी पावडर चमच्याने मोजता येते. किटलीला सायट्रिक ॲसिड, तेही थंड पाण्यात, गरम केलं तर वेगळाच चिवट थर बसतो. आणि व्हिनेगर-सोडा एकत्र करून फेस दाखवणारे व्हिडिओ प्लीज बंद करा, दोघं एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम मात्र करा, गूळ १, साली ३, पाणी १०, तीन महिने, झाकण अधूनमधून सैल करायचं. फरशीला छान चालतं, आणि ॲसिडच्या बाटलीपेक्षा लाख पटीने बरं.

आता पाण्याचं. "अठी पानी नाही" हे मला सांगू नका, यावल-रावेरचे बोअर किती खोल चाललेत ते मी दर सुट्टीत ऐकते. पण पाणी नाही म्हणूनच मशीन हवं. इको प्रोग्रॅमला दहा लिटरच्या आसपास पाणी लागतं. बॉन विद्यापीठाने वेगवेगळ्या देशांच्या लोकांना बारा जणांची भांडी हाताने घासायला दिली होती, सरासरी शंभर लिटरच्या आसपास गेलं. आमच्या बायका नळ सोडून घासत नाहीत हे मला माहितीये, घमेल्यात एक पाणी, विसळायला दुसरं, तरी सणाला तीन-चार बादल्या जातातच. लोडशेडिंगचा मुद्दा खरा आहे, इको प्रोग्रॅम तीन तासाच्या वर चालतो. मांड्यांचं खापर मशीनमध्ये जाणार नाही, पितळ जाणार नाही, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. शेवभाजीची मोठी पातेली हातानेच घासावी लागतील. पण ताटं, वाट्या, पेले, चमचे, तेवढे जरी गेले तरी रात्रीचा दीड तास वाचतो, आणि तो दीड तास घरात फक्त एकाच माणसाचा जातो.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. "तू तठी बसून." मी इतकी वर्षं बाहेर आहे की माझं पाणी, माझी मोरी, माझी तापी ह्यावर माझा हक्क राहिला नाही असं ते वाक्य आहे. आणि गावी गेले की वहिनी मला भांड्याला हात लावू देत नाही, "राहू द्या ताई, तुम्ही चार दिवसाच्या पाव्हण्या", मी ओट्यापाशी नुसती उभी राहते आणि कुठे हात ठेवायचा कळत नाही. इथेही माझं फार वेगळं नाही, शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की अजूनही विचारतात, तुमच्याकडे तिकडे नद्या फार घाण आहेत ना, आणि मी तिथे नानासारखीच बोलायला लागते, आमच्या आज्या राखेने भांडी घासायच्या, आम्ही काही फेकून द्यायचो नाही, तुम्ही एका काकडीला प्लास्टिक गुंडाळता. त्यांना मी मोठी मायच सांगते, भेगा पडलेली बोटं नाही सांगत. नानाला मात्र बोटं सांगते. दोन्हीकडे मी खरंच बोलते, फक्त अर्धं बोलते, कारण दोन्हीकडे मला घरचं मानलं जावं असं वाटतं.

तरीही मशीनच्या मुद्द्यावरून मी मागे हटणार नाही. घेताना भावाने एवढं बघावं, मीठ डिशवॉशरचंच आणायचं, खायचं नाही, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते. बोअरचं पाणी आधी तपासून घ्यायचं. स्टीलच्या ताटांना जागा होईल असा खालचा ट्रे बघायचा. पैसे मी पाठवते म्हटलं तर वहिनी नको म्हणाली. तिला ते ह्या वर्षीच्या केळीच्या पैशातून हवंय, कारण त्या केळीत तीही राबते. नानाने ग्रुपवर अजून उत्तर दिलेलं नाही, भावाने मात्र मला वेगळा फोन करून विचारलंय की जळगावला चांगलं मॉडेल कुठे बघायला मिळेल.